ताणाची डोकेदुखी आणि मालिश: दाबायचं कुठे, किती, आणि कधी थांबायचं

कपाळ दुखलं की हात कपाळाकडेच जातो. बाम कपाळावर, दाब कपाळावर, फडकं बांधायचं तेही कपाळावर. ताणाच्या डोकेदुखीत मात्र मालिशचं निम्म्याहून जास्त काम मानेच्या मागे, खांद्यांवर आणि जबड्यात असतं. कपाळाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. ज्यांनी कधी शिकून मालिश केलेली नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्वतःची मान स्वतः कशी सोडवायची, घरातल्या कुणाचं डोकं कसं दाबून द्यायचं आणि पैसे मोजून कुणाकडे जायचं असेल तर काय बघायचं, हे क्रमाने घेऊ.

आधी ओळख पटवा

ताणाची डोकेदुखी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते. ती ठणकत नाही, आवळते. डोक्याभोवती पट्टा घट्ट बांधल्यासारखं, डोकं जड झाल्यासारखं वाटतं. कामं करता येतात, पण कशात मन लागत नाही. जिना चढल्याने ती वाढत नाही, उलटी होत नाही. अर्ध्या तासात जाते किंवा रेंगाळली तर सात दिवसही राहते. मानेला, खांद्याला किंवा कानशिलाला हात लावला की तिथे दुखरं लागतं.

अर्धशिशी वेगळी. ती बहुधा एका बाजूला ठणकते, हालचालीने वाढते, मळमळ होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. अर्धशिशीचा झटका चालू असताना पुष्कळांना केसांवरून कंगवा फिरवलेलाही सहन होत नाही. अशा वेळी जोरात मालिश करू नका. अंधाऱ्या खोलीत पडू द्या आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या. एकाच माणसाला दोन्ही प्रकारची डोकेदुखी असू शकते, हेही लक्षात असू द्या.

पुढच्या गोष्टींपैकी काहीही असेल तर मालिश नाही, थेट डॉक्टर:

- डोकं अचानक, मिनिटाभरात, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं दुखायला लागणं
- ताप आणि त्याबरोबर मान ताठ होणं
- बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, एकाची दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी
- गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी. आधी रक्तदाब तपासा
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील दुखरं असेल आणि घास चावताना जबडा भरून येत असेल तर

हा शेवटचा मुद्दा घरात ज्येष्ठ माणसं असणाऱ्यांनी नीट वाचावा. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आल्याची ती लक्षणं असू शकतात. उपचाराला उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो. "बाबा, या, जरा डोकं दाबून देतो," म्हणण्याची ती वेळ नव्हे.

काही डोकेदुख्या साध्या असतात, पण मालिश हा त्यांच्यावरचा उपाय नसतो. रोज चार-पाच कप चहा-कॉफी पिणाऱ्याने उपवासाच्या दिवशी ती बंद केली की चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं. ते कॅफिन सुटल्याचं दुखणं. केस ताणून घट्ट बांधल्याने डोकं दुखतं आणि घट्ट हेल्मेटनेही दुखतं. वैद्यकीय वर्गीकरणात या दोन्हींची स्वतंत्र नोंद आहे. पुण्यात राहणाऱ्यांसाठी खास सूचना: यातून हेल्मेट सोडायचं असा अर्थ काढू नका, माप बदला.

मान दाबल्याने कपाळ का मोकळं होतं

चेहरा आणि कपाळाच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून मेंदूकडे जातात. मानेतल्या वरच्या तीन नसांचे संदेशही कवटीच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला, त्याच ठिकाणी येऊन मिळतात. तिथून पुढे दुखणं नेमकं कुठलं, हे मेंदूला नीट कळत नाही. मानेच्या मागचा स्नायू आखडलेला असतो आणि दुखतं भुवईवर.

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झालेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी कुठला स्नायू दाबला की दुखणं कुठे उमटतं, याचा बारकाईने अभ्यास केला. अशा दुखऱ्या जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. ही गाठ नेमकी कशाची, यावर संशोधक आजही भांडतात. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याला त्यातून मिळणारा नकाशा उपयोगाचा आहे:

खांद्याच्या वरच्या मांसल भागातलं दुखणं मानेच्या बाजूने चढून कानशिलात येतं. कवटीच्या तळाशी असलेल्या लहान स्नायूंचं दुखणं मागून डोळ्यापर्यंत पट्ट्यासारखं जातं. मानेच्या बाजूला कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरणारा जाड स्नायू कपाळ आणि डोळ्याभोवतीची जागा दुखवतो. जबड्याचा स्नायू भुवईत, गालात आणि चक्क दाढेत दुखणं पाठवतो. दाढ तपासून घेतली, किडलेली नाही, तरी दुखते, अशा माणसाने रात्री आपण दात खातो का, हे घरच्यांना विचारावं.

तयारी

वीस मिनिटं आणि पाठ टेकायला जागा, एवढं पुरे. नखं कापलेली हवीत. दागिने आणि चष्मा काढून ठेवा.

सुरुवातीला मान-खांद्यांना दहा मिनिटं शेक द्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा, किंवा टॉवेल गरम पाण्यात पिळून घ्या. स्नायू सैल झाला की दाब कमी लागतो. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर शेकाची ऊब दुसऱ्याला हात लावून बघायला सांगा, कारण भाजलेलं लवकर कळत नाही.

तेलाबद्दल घरोघरी ठाम मतं असतात. कोकणात खोबरेल, देशावर कुठे तीळ, कुठे बदाम. या डोकेदुखीसाठी तेलाचा मुख्य उपयोग हात सरकायला होतो आणि जिथे एकाच जागी दाब धरून ठेवायचा तिथे तेल आडच येतं, बोट निसटतं. म्हणून मान-खांद्याचं काम कोरड्या हाताने करा. डोक्यावर तेल घालायचं असेल तर शेवटी, हौसेने.

बाम चालतो. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत जन्मलं, तेव्हापासून महाराष्ट्राच्या उशाशी आहे. त्यातल्या मेन्थॉलचा थंडावा मेंदूला दुखण्यावरून थोडं दुसरीकडे वळवतो, आणि जर्मनीत ताणाच्या डोकेदुखीसाठी कपाळावर लावायचं दहा टक्के पुदिना-तेल औषध म्हणून मिळतं, तेव्हा आजीला अगदीच वेड्यात काढू नका. फक्त बाम मालिश संपल्यावर लावा. बामाचं बोट डोळ्यात गेलं तर डोकेदुखी परवडली असं होतं. तान्ह्या आणि लहान मुलांच्या चेहऱ्याजवळ तो लावू नका.

किती जोर

नवशिक्यांचं सगळं इथेच बिघडतं. शून्य म्हणजे काहीच जाणवत नाही आणि दहा म्हणजे किंचाळावंसं वाटतं, असं धरलं तर चार-पाचवर थांबायचं. दुखतं, पण बरं वाटतं, हात काढू नये असं वाटतं, तेवढं. श्वास अडकला, खांदे वर आले, दात आवळले गेले तर जोर जास्त झाला. स्नायू दुखण्याला घाबरून आणखी आवळून बसतो. "अजून जोरात दाब, काही होत नाही" म्हणणारी मंडळी दुसऱ्या दिवशी मान धरून बसतात.

दुसरी गोष्ट, घाई नको. सापडलेली दुखरी जागा चोळत सुटू नका. बोट तिथे ठेवा, दाब हळूहळू वाढवा आणि तीस ते साठ सेकंद धरून ठेवा. त्या वेळात दुखणं निम्म्यावर आलं पाहिजे. दाब सोडतानाही हळूहळू. मिनिटभर धरूनही काही फरक नाही, तर हट्ट न करता पुढे सरका.

स्वतःची मालिश, क्रमाने

१. खांदा. खुर्चीत पाठ टेकून बसा. डावा हात मांडीवर सैल ठेवा. उजव्या हाताने डाव्या खांद्याचा वरचा मांसल भाग, मान संपते तिथून खांद्याच्या टोकापर्यंतचा, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा. चिमटी म्हणजे कातडीची नव्हे, आतल्या मांसाची. मानेकडून बाहेर सरकत दोन-तीन दुखऱ्या जागा शोधा आणि प्रत्येक जागा धरून ठेवा. धरलेली असताना मान हळूच उजवीकडे झुकवली तर ताण छान बसतो. रोज एकाच खांद्यावर बॅग अडकवून लोकलमध्ये उभे राहणाऱ्यांना तो खांदा दुसऱ्यापेक्षा टणक लागेल, त्याला जास्त वेळ द्या.

२. कवटीचा तळ. या लेखातला एकच टप्पा करायचा असेल तर हा करा. दोन्ही हातांची बोटं डोक्यामागे नेऊन कवटीची खालची कड शोधा. कानामागच्या हाडापासून मधल्या खळग्यापर्यंत ती जाते. कडेच्या लगेच खाली, मधल्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रोवा. आता डोळे मिटून, डोकं न हलवता, फक्त बुबुळं डावीकडून उजवीकडे फिरवा. बोटांखाली बारीक हालचाल जाणवली तर जागा बरोबर सापडली. हे छोटे स्नायू डोळ्यांच्या हालचालीबरोबर काम करतात, म्हणून दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांची ही जागा हमखास दुखरी असते.

बसून हात भरून येतात, त्यामुळे हा टप्पा आडवं पडून करा. दोन टेनिस बॉल एका मोज्यात घालून गाठ मारा. गल्लीतल्या क्रिकेटमधले जुने, थोडे मऊ झालेले बॉल उत्तम. उताणं झोपून ते कवटीच्या कडेखाली येतील असे ठेवा, एक इकडे, एक तिकडे. मणक्यावर बॉल येता कामा नये, तो दोन बॉलच्या मधल्या फटीत राहिला पाहिजे. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं, दाबायला तेवढं भरपूर होतं. वरून जोर लावू नका. दोन मिनिटं पडून राहा, हळू श्वास घ्या, मग "हो" म्हणताना हलते तितकीच मान हलवा. दुखणं डोळ्यामागे उमटलं तर घाबरू नका, बहुधा तुमच्या डोकेदुखीचा उगम तिथेच आहे. चक्कर आली तर मात्र लगेच बॉल काढा आणि कुशीवर वळून सावकाश उठा.

३. मानेची बाजू. मान डावीकडे वळवली की उजव्या बाजूला कानामागून खाली उतरणारा जाड दोर उठून दिसतो. तो दिसला की मान पुन्हा समोर आणून थोडी सैल सोडा आणि स्नायू दोन बोटांत हलकाच पकडा. तो आत दाबायचा नाही, उचलून धरायचा. त्याच्या खालीच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आहे आणि तिच्यावर दाब पडला तर नाडी मंदावून माणसाला भोवळ येऊ शकते. बोटाखाली ठोके लागले तर हात काढा. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच नाही. साठीच्या पुढे, किंवा हृदयाचा आजार असेल तर हा टप्पा गाळाच, फारसं बिघडत नाही.

४. जबडा आणि कानशील. दात आवळा, गालाच्या हाडाखाली जो गोळा उठतो तो जबड्याचा स्नायू. तोंड किंचित उघडं ठेवून तीन बोटांनी तिथे हळू गोल फिरवा, मग दुखरी जागा धरा. तसंच कानशिलावर: दात आवळल्यावर जिथे हलतं तिथून कानाच्या वरपर्यंत हा स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो. बोटं कातडीवरून घसरवू नका, कातडीसकट हलवा. पुढचे काही दिवस कामात असताना मधूनमधून स्वतःला तपासा: ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नाहीत, अशी जबड्याची विश्रांतीची स्थिती असते. हिशेब तपासताना, गाडी चालवताना दात आवळून बसणारे बरेच जण असतात.

५. कपाळ आणि डोकं. भुवयांच्या आतल्या टोकापासून बाहेर, कपाळाच्या मध्यापासून कानशिलाकडे, अंगठ्यांनी संथ सरकवा. मग बोटं केसांत घालून डोक्याची कातडी हाडावर सरकवा. झालं. इथे कौशल्य लागत नाही आणि सुख इथेच आहे.

६. शेवट. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्या, पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा. मग खांद्याची पाती मागे एकमेकींकडे ओढून सोडा, दहा वेळा. मालिशने सैल झालेला स्नायू पुन्हा त्याच वाकलेल्या बैठकीत नेऊन बसवला तर तासाभरात तो पुन्हा आखडतो. दिवसभर खुर्चीत असणाऱ्यांनी हे दोन व्यायाम अर्ध्या-पाऊण तासाने उठून करावेत.

दुसऱ्याची करून देताना

ज्याची करायची त्याला जमिनीवर बसवा आणि तुम्ही मागे सोफ्यावर किंवा पलंगावर बसा. तुमचे हात त्याच्या खांद्यांच्या वर असले की शरीराचं वजन वापरता येतं आणि तुमचे अंगठे वाचतात. कवटीच्या तळासाठी त्याला उताणं झोपवा, तुम्ही डोक्याशी बसा, दोन्ही हातांची बोटं वर वळवून कडेखाली ठेवा आणि डोकं त्या बोटांवर टेकू द्या. बोटांनी वर ढकलायचं नाही, फक्त तिथे राहायचं. दोन-तीन मिनिटांत डोकं हळूहळू जड होत तळव्यावर उतरतं.

आणि विचारत राहा. "आई, एवढं चालेल का, की कमी करू?" घरातली मोठी माणसं दुखलं तरी बोलत नाहीत, मुलगा किंवा सून आपणहून बसलेत म्हणून सहन करतात. त्यांचा चेहरा बघा. हाडं ठिसूळ असलेल्या, रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्या माणसांना हाताचा तळवा फिरवण्यापुरतीच मालिश. मान हलवली की हातात मुंग्या किंवा झिणझिण्या येत असतील तर आधी तपासणी. "मला स्पॉन्डिलायटिस आहे" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, पण ते कुणी सांगितलं, डॉक्टरांनी की शेजारच्यांनी, हे एकदा विचारून घ्या.

मान मोडून घेऊ नका

सलूनमधल्या चंपीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शेवटी हनुवटी आणि डोकं धरून मान कडकन फिरवण्याला. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या आहेत. मान झटक्याने वळली तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. असं क्वचित होतं, पण झालं तर भरून न येणारं असतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने पार्लरच्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर पक्षाघात झालेल्या स्त्रियांची नोंद केली, तेव्हापासून याला "ब्यूटी पार्लर स्ट्रोक" असं नावच पडलं. खुर्चीत बसतानाच सांगून ठेवा: "दादा, चंपी करा, मान मोडू नका." बेसिनवर मानेखाली टॉवेलची घडी मागा.

उपयोग होतोय का, हे कसं कळणार

मालिशबद्दल बोलणारे एक तर तिला रामबाण म्हणतात नाही तर थोतांड. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ५६ जणांचे तीन गट केले होते. एका गटाला सहा आठवड्यांत पंचेचाळीस मिनिटांच्या बारा मालिशा, दुसऱ्याला खोटा उपचार (बंद ठेवलेलं अल्ट्रासाउंड यंत्र), तिसऱ्याला नुसती प्रतीक्षा. डोकेदुखी किती वेळा होते, हे पहिल्या दोन्ही गटांत कमी झालं आणि त्या दोघांत फरक दिसला नाही. मालिश घेतलेल्यांना आपलं दुखणं जास्त कमी झाल्याचं मात्र वाटलं. माझा अर्थ असा: त्या वेळेपुरता आराम मिळतो, कुणीतरी शांतपणे आपल्याकडे लक्ष देतं याचाही त्यात वाटा असतो, आणि तो आराम नाकारण्याचं कारण नाही. पण कायमची सुटका देतो म्हणणाऱ्याला पॅकेजचे पैसे आगाऊ देऊ नका.

तुमच्यापुरतं उत्तर वहीत मिळेल. रोज एक ओळ लिहा: डोकं दुखलं का, किती तास, शून्य ते दहामध्ये किती, गोळी घेतली का, मालिश केली का. आठवड्यातून तीन-चार वेळा वरची मालिश करा. सहा ते आठ आठवड्यांनी आकडे हलले नाहीत तर मालिश करमणूक म्हणून चालू ठेवा, उपचार म्हणून नको.

गोळ्यांचा रकाना विसरू नका. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. असा माणूस मान कितीही चोळली तरी बरा होत नाही. त्याला गोळ्या सोडवायला डॉक्टरांची मदत लागते.

बाहेर कुणाकडे जायचं

स्पा आणि फिजिओथेरपिस्ट यांत गल्लत करू नका. निवांत वाटायला स्पा ठीक. दुखणं तपासून, मान कुठे अडते ते बघून, व्यायाम बसवून द्यायला फिजिओथेरपिस्ट लागतो. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. आयुर्वेदिक केंद्रात शिरोअभ्यंग (डोक्याला तेलाची मालिश) किंवा शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार) घ्यायची असेल तर आधी वैद्यांनी तपासलं पाहिजे. थेट दरपत्रक हातात ठेवणारी जागा टाळा. पहिल्या भेटीत चांगला माणूस हात लावण्याआधी प्रश्न विचारतो: कधीपासून, किती दिवस, कुठल्या गोळ्या, रक्तदाब किती. आणि तुम्ही "दुखतंय" म्हणालात की थांबतो.

महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर डोकं दुखत असेल तर ती जुनाट ताणाची डोकेदुखी धरतात. तिथे मालिश एकटी पुरत नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते कदाचित रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा लिहून देतील. औषधाच्या दुकानात कुणी "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणालं म्हणून ती बंद करू नका. डोकेदुखी रोखायला ती कमी मात्रेत अनेक वर्षं वापरली जाते, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तोपर्यंत मोज्यातले दोन बॉल चालू ठेवायला हरकत नाही.